सोलर-गिझरचं काम नीटनेटकं करत बसणं परवडतं का? मालक म्हणतो, दिवसाला दोन उरका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आयटीआय होऊन दोन वर्षं झाली, गच्चीवरचे पाणी तापवायचे सोलर नि गिझर बसवता, लाईन ओळंब्यात घेत बसलं की मालक ओरडतो, गिऱ्हाईक तर रेटच्या पुढं काही विचारत नाही. मग ही मेहनत कुणासाठी?

मी सोलापुरात एकवीस वर्षं हेच करतोय. आणि नेमक्या याच गोष्टीवरून माझं नि माझ्या मेहुण्याचं अकरा वर्षं वाजतंय. तेव्हा उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

माझे वडील पूर्व भागात सूत रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर होते. मी चौथी-पाचवीत असताना डबा द्यायला जायचो. वाफेची लाईन सरळ जाता जाता मध्येच एक मोठा चौकोनी वळसा घेऊन परत सरळ जायची. मला वाटायचं, बसवणारा चुकला असेल आणि कुणी दुरुस्तच केलं नसेल. वडील म्हणाले, "तापली की ती लांब होती. तिला अंग टाकायला जागा नको?" तेच मी आज सीपीव्हीसीला, म्हणजे गरम पाण्याच्या प्लॅस्टिक पाईपला लावतो. दहा फुटांची सरळ लाईन चाळीस अंशांनी तापली की सात-आठ मिलिमीटर वाढते. दोन्ही टोकांना सिमेंटनं जाम करून टाकलीत तर ती एल्बो फोडूनच मोकळी होणार. क्लॅम्प तिला धरायला असतो, आवळायला नाही. हे तुम्हाला माहीत असेलच, पण तुमच्या मालकाला माहीत आहे का ते बघा.

आता मुद्द्याचं. जुळे सोलापुरात एक निवृत्त सर आहेत, दोन मजली घर, गच्चीवर दोनशे लिटरचा वीस काचेच्या नळ्यांचा सोलर. मेहुणा नि मी तेव्हा भागीदारीत होतो. काम मी केलं. आणि खोटं कशाला बोलू, आजपर्यंतच्या देखण्या कामांत ते पहिलं धरतो. गार नि गरम दोन्ही लाईनी पॅरापेटला धरून, मधलं अंतर सगळीकडं तीन बोटं, क्लॅम्प समोरासमोर, फोमची नळी घालून वरनं पांढरी पट्टी गुंडाळलेली. सरांच्या बाई वर आल्या, बघितलं आणि खाली जाऊन चहाबरोबर कडक भाकरी नि शेंगाचटणी पाठवली. मी फोटो काढला. तो फोटो अजून आहे.

त्या फोटोत एक गोष्ट कमी आहे. व्हेंट पाईप. सोलरच्या टाकीला हवा आत-बाहेर करायला ठेवलेला उघड्या तोंडाचा उभा पाईप.

म्हणजे आहे, पण बुटका. सरांची गार पाण्याची सिमेंटची टाकी चार फुटांच्या कट्ट्यावर, सोलर स्लॅबवर. नियमानं व्हेंटचं तोंड टाकीच्या काठाच्या वर फूटभर तरी जायला पाहिजे. म्हणजे गच्चीच्या मधोमध एक लांबच लांब पाईप आकाशात, वाऱ्यानं हलणारा, रस्त्यावरनं दिसणारा. माझ्या त्या तीन बोटांच्या अंतरावाल्या लाईनींशेजारी तो पाईप मला बघवेना. मी तो टाकीच्या काठाच्या खाली दीड वीत कापला. मनाशी म्हटलं, टाकी काय रोज गळ्यापर्यंत भरते?

सोलापुरात राहून हा विचार केला मी! इथं नळाला काही दिवसांआड पाणी. ज्या दिवशी येतं त्या दिवशी माणूस बादल्या, पिंप, कळशी, पातेलीसुद्धा भरतो. टाकी तर काठावरनं वाहिल्याशिवाय मोटार बंद होतच नाही. झालं, पाण्याच्या दर दिवशी व्हेंटमधनं धार. टाकीची पातळी वर, तोंड खाली, दुसरं काय होणार. सरांनी फोन केला, तेव्हा मी कुर्डुवाडीला एका लग्नात. मेहुणा गेला. दहा मिनिटांत व्हेंटच्या तोंडाला पाईप चिकटवायचं सोल्युशन लावून एंड कॅप ठोकली, शंभर रुपये घेतले, आला. मला सांगितलंही नाही. सर खूश, गळती बंद.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली. सरांकडं अक्कलकोटचे नि विजापूरचे पाहुणे, आठ-नऊ माणसं. पाणी येऊन तीन दिवस झालेले, टाकी तळाला. सरांनी हिशेब केला: टाकीतलं पाणी स्वयंपाकाला राहू दे, आंघोळीला सोलरमधलं दोनशे लिटर आहेच की. आणि सोलरकडं जाणारा गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला. शहाण्या माणसाचाच हिशेब आहे तो. पण सोलरमधलं गरम पाणी वरच्या तोंडातनं निघतं, खालनं गार पाणी ढकलत असेल तरच. व्हेंट उघडी असती तर बादली-दीड बादली येऊन नळ थांबला असता, सरांनी मला शिव्या घातल्या असत्या, विषय संपला असता.

व्हेंट बंद, गार बंद, आणि तळमजल्यावरच्या न्हाणीत नळ पूर्ण उघडा. वीस-बावीस फूट उभ्या लाईनीतलं पाणी खाली ओढतंय आणि वरनं हवेला आत शिरायला जागा नाही. सोलरची आतली टाकी म्हणजे पातळ स्टीलचा पत्रा. आतनं दाब देऊन तो बरंच सोसतो, पण आत ओढला गेला की काही सोसत नाही. सर म्हणाले, गच्चीवर कुणी पिंप आपटल्यासारखा आवाज झाला. मी गेलो तेव्हा बाहेरच्या पत्र्यालाही पोटात खड्डा पडलेला, दोन नळ्यांच्या रबरातनं पाणी ठिबकतंय, आणि माझ्या सरळ लाईनी तशाच सरळ, फोटोतल्यासारख्या.

कंपनीच्या माणसानं कॅप बघितली आणि वॉरंटीचा कागद परत दिला. त्याचं बरोबरच होतं. नवी टाकी आम्ही दोघांनी निम्मे-निम्मे घालून दिली. आणि त्या दिवसापासून मेहुणा म्हणतो, "दाजी, तुम्ही फोटोसाठी काम करता. पाईप उंच ठेवला असता तर मला कॅप मारायची वेळच आली नसती." मी म्हणतो, "लेका, पाणी गळतंय तर का गळतंय ते बघायचं सोडून तोंड बांधणारा तू कोण?" बारसं असो, वास्तुशांत असो, पंगतीत आमचं हे निघतंच. बायको आता तिथनं उठून जाते.

न्याय तुम्हीच करा. माझं मत अर्थातच ठरलेलं आहे. मी कापलेल्या पाईपमधनं फक्त पाणी वाया जात होतं, टाकी मेली ती कॅपनं. ही कॅप मारायची जात सगळीकडं आहे. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधनं थेंब पडले की तिथं बोळा कोंबणारे, नाहीतर प्लग बसवणारे मी आठवड्याला एक तरी बघतो. अरे, पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरनं पासष्टवर गेलं की पाव लिटरभर फुगतं, ते जायचं कुठं? तो थेंब पडतोय म्हणजे व्हॉल्व्ह जिवंत आहे. तिथं एक बारीक नळी लावून मोरीत सोडा, दहा मिनिटांचं काम आहे.

बरं, तुमचा प्रश्न. वेळ घालवायचा तर कशात घालवायचा ते सांगतो.

युनियन टाका, म्हणजे पान्यानं फिरवून सुटणारा जोड. गिझरच्या दोन्ही बाजूंना, सोलरच्या गार-गरम दोन्ही तोंडांना. शंभराच्या आतबाहेरची वस्तू, ती वाचवली की पुढचा माणूस करवत घेऊन येतो आणि तुमच्या सुंदर लाईनीचे तुकडे करतो. सोलापूरचं बोअरचं पाणी म्हणजे खडू आहे नुसता. गिझरची कॉईल दोन-तीन वर्षांत पांढरी दगड होते, म्हणजे तो गिझर उतरवायचाच आहे हे धरून बसवा. स्वतःच बसवलेला गिझर स्वतःला अर्ध्या तासात उतरवता आला पाहिजे.

लाईन जाडी घेऊ नका. पाऊण इंची सीपीव्हीसीत मीटरमागं पाव लिटर पाणी मावतं. गच्चीवरनं खालच्या न्हाणीपर्यंत साठ-पासष्ट फूट लाईन असेल तर गरम यायच्या आधी पाच लिटर गार पाणी सोडून द्यायचं, प्रत्येक वेळी. दिवसांआड पाण्याच्या गावात हे पाप आहे. एकाच न्हाणीला जाणारी फांदी अर्ध्या इंचानं न्या, पाणी निम्म्यावर येतं. प्लंबर लोक म्हणतात, प्रेशर येणार नाही. बादलीत आंघोळ करणाऱ्याला प्रेशर कशाला पाहिजे?

सोलरच्या गरम तोंडापासनं पहिले तीन-चार फूट मी सीपीव्हीसी लावत नाही, जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप लावतो. सीपीव्हीसी त्र्याण्णव अंशांपर्यंतची आहे, आणि आपल्याकडं मे महिन्यात घर बंद करून लोक गावी गेले की टाकीतलं पाणी उकळीच्या जवळ जातं. त्यांना सांगून ठेवा, जाताना अर्ध्या नळ्यांवर जुनी चादर टाका. सोलापुरात चादरीला काय तोटा.

आणि सोलरच्या गार पाण्याच्या व्हॉल्व्हला चिठ्ठी. पत्र्याचा तुकडा, त्यावर ऑईलपेंटनं: 'हा बंद केल्यास गरम पाणी येणार नाही.' सरांच्या घरानंतर हे सुरू केलं. मेहुणा हसतो, पण त्याच्या कामांवर पण आता चिठ्ठ्या दिसायला लागल्यात, मी बघितलंय.

परवडतं का? पहिली तीन-चार वर्षं नाही परवडत, सरळ सांगतो. मी दिवसाला एक करायचो, मेहुणा दोन, कधी तीन. त्याची बुलेट माझ्या आधी आली. आजही त्याच्याकडं कामं जास्त आहेत. माझ्याकडं सरांसारखी घरं आहेत. हो, तेच सर. नवी टाकी बसवल्यावर मी व्हेंट सिमेंटच्या टाकीच्या वर सव्वा फूट नेला, तीन तारांनी ताण दिला, रस्त्यावरनं चांगला दिसतो, भयाण दिसतो. त्यानंतर त्यांच्या मुलाचं घर, साडूचं घर, शेळगीला भाच्याचं, सगळी कामं मला आली. चूक कबूल करून पैसे भरले म्हणून आली, का काम चांगलं म्हणून, ते मला ठरवता येत नाही. तुमच्या मालकाला हे पटणार नाही. त्याच्याकडं शिकून घ्या आणि दोन वर्षांत बाहेर पडा.

दोन गोष्टी राहिल्या. नळ्या उन्हात कोरड्या तापल्या असतील तर दुपारी गार पाणी सोडू नका, तडकतात; पहाटे नाहीतर रात्री भरा. आणि दोन किलोवॉटचा गिझर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, त्याला सोळाचा सॉकेट, नीट अर्थिंग नि करंट गळला की लाईट तोडणारी आरसीसीबी नसेल तर लाईन कितीही देखणी असू दे, चालू करून देऊ नका. वायरमन उद्या येणार म्हणाले तर तुम्ही परवा जा.

गॅस गिझरचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. बंद न्हाणीत मी तो बसवत नाही, कुणीही सांगितलं तरी. कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग, आत आंघोळ करणारा कडी लावून बसलेला असतो. बाहेर बाल्कनीत उघड्यावर जागा असेल तर बसवतो, नाहीतर गिऱ्हाईक सोडतो. एवढ्या एका गोष्टीत मेहुण्याचं नि माझं एकमत आहे.