‘डेड स्लो’मध्ये मेलेले काय असते?

आपण विचारले आहे की ‘डेड’ म्हणजे मृत, तर मग ‘डेड स्लो’, ‘डेड सेंटर’, ‘डेडलाइन’ या शब्दांत मेलेले काय असते, आणि तांत्रिक मजकुराचे भाषांतर करताना सर्वत्र ‘मृत’ लिहावे का. मी दापोली तालुक्यातला. जहाजांच्या इंजिनरूममध्ये नोकरी करून निवृत्त झालो आणि हा शब्द मला शब्दकोशापेक्षा तिथेच अधिक भेटला. सर्वत्र ‘मृत’ लिहू नये, हे आधीच सांगून टाकतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी बंदरात शिरताना ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकण्याच्या कक्षातून, टेलिग्राफची (इंजिनाच्या वेगाचा हुकूम दाखवणाऱ्या यंत्राची) घंटा वाजली आणि काटा ‘डेड स्लो अहेड’वर येऊन थांबला. मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या डोक्यात ‘डेड’ म्हणजे बंद एवढेच होते, त्यामुळे मी बेल बुकात, म्हणजे त्या हुकुमांच्या नोंदवहीत, ‘स्टॉप’ लिहून मोकळा झालो. सेकंड इंजिनिअरने वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता पायाखालच्या थरथरणाऱ्या प्लेटींकडे बोट दाखवले. इंजिन चालू होते. फक्त ते सर्वांत मंद गतीने चालले होते.

तिथे ‘डेड’चा अर्थ ‘अगदी’ असा आहे. मृत्यूत कमीजास्त असे काही नसते, माणूस थोडासा मेला असे आपण म्हणत नाही. त्या पुरेपणातूनच ‘पुरता’ आणि पुढे ‘नेमका’ हे अर्थ फुटलेले दिसतात. ‘डेड राइट’ म्हणजे अगदी बरोबर, ‘डेड अहेड’ म्हणजे नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, नेमके समोर.

दुसरा अर्थ थांबण्याचा. मुख्य इंजिन, बॉयलर, जनरेटर सारे बंद आणि ते सुरू करायला वीजही नाही, अशा जहाजाला ‘डेड शिप’ म्हणतात. ते कायमचे गेलेले नसते. आपत्कालीन जनरेटरवर हवा दाबणारा कॉम्प्रेसर चालवून पोलादी बाटल्यांत दाबाखालची हवा भरली की त्या हवेच्या जोरावर एकेक यंत्र पुन्हा उठवता येते.

हे दोन्ही अर्थ मला एकत्र दिसले ते ‘टॉप डेड सेंटर’मध्ये. दट्ट्या (पिस्टन) सिलिंडरच्या माथ्याला पोचतो, त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड आणि शाफ्ट फिरवणारा क्रँक एका सरळ रेषेत येतात, आणि त्या क्षणी दट्ट्यावर कितीही दाब दिला तरी शाफ्टला फिरवणारे बळ मिळत नाही, म्हणून तो बिंदू ‘डेड’. पण इंधन केव्हा फवारायचे याचे सगळे मोजमाप त्याच बिंदूपासून अंशांत केले जाते, म्हणजे तो तितकाच नेमकाही आहे. ‘मृत केंद्र’ असे लिहून वाचकाच्या हाती काय लागणार? ‘दट्ट्याचा वरचा टोकबिंदू’ लिहावे, किंवा सरळ इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवावा.

वजनाच्या बाबतीत विशेष सांभाळावे. पुलाच्या हिशेबात ‘डेड लोड’ म्हणजे पुलाचे स्वतःचे वजन आणि वाहने, माणसे हा ‘लाइव्ह लोड’. जहाजाचे ‘डेडवेट’ मात्र त्याचे स्वतःचे वजन नव्हेच. माल, इंधन, गोडे पाणी, सामान आणि माणसे मिळून जहाज जेवढे वाहू शकते ते डेडवेट. जयगडला कोळसा घेऊन येणाऱ्या जहाजाचा हा आकडा ‘जहाजाचे वजन’ म्हणून दिला, तर अर्थ पार उलटा होतो.

‘डेडलाइन’ची गोष्ट निराळी, कारण तिच्यात माणसे खरोखरच मेली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६४ साली, जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांची छावणी होती. तिच्या तटाच्या आत काही अंतरावर एक साधा लाकडी कठडा होता आणि तो ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. त्या रेषेला ‘डेडलाइन’ म्हणत. शेवटची मुदत हा अर्थ पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी वृत्तपत्रांच्या जगात रुळला. आपल्याकडे ‘मुदत’ हा चांगला शब्द असल्यामुळे इथे अडण्याचे कारण नाही.

मराठीतही मरण असेच पसरलेले आहे. कोयत्याची धार मरते, भूक मरते, मे महिन्यात मरणाचा उकाडा होतो. परंतु ‘मरणाचे बरोबर’ असे कोणी म्हणत नाही. आपले मरण अतिरेकापर्यंत जाते, नेमकेपणापर्यंत पोचत नाही, आणि भाषांतर नेमके तिथेच फसते.

म्हणून मी आधी त्या शब्दाचा ‘लाइव्ह’ जोडीदार शोधतो. जोडीदार नसेल तर बहुधा ‘अगदी’ किंवा ‘नेमका’ चालतो. असेल तर रूढ प्रतिशब्द पाहावा. धरणाच्या सर्वांत खालच्या विमोचकाखाली (पाणी सोडण्याच्या दाराखाली) राहणाऱ्या पाण्याला ‘मृतसाठा’ हा शब्द रुळला आहे, तो बदलू नये. ‘डेड स्टॉक’ हा मुळात शेतावरच्या ‘लाइव्ह स्टॉक’चा, म्हणजे गुराढोरांचा, जोडीदार; नांगर, अवजारे वगैरे त्यात येत. शाळा आणि कचेऱ्यांतून त्याला ‘जडसंग्रह’ म्हणतात आणि तो शब्द मला ‘मृत’पेक्षा कितीतरी योग्य वाटतो, कारण आमच्या गावच्या शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत रोज सकाळी वाजणारी पितळी घंटाही नोंदलेली आहे.