बुद्धिबळातल्या टू नाइट्स डिफेन्समध्ये (ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६) पांढऱ्याने घोडा जी५ वर आणला, काळ्याने डी५ केलं आणि ते प्यादं मारलं गेलं, तर घोड्याने परत मारावं का?

नका मारू. मी मारलं होतं.

कुडाळला मे महिन्यातली स्पर्धा. घामाने स्कोअरशीट कोपराला चिकटत होती. समोर वेंगुर्ल्याची अकरा-बारा वर्षांची पोर. तिने डी५ ला मारलं आणि माझा हात आपसूक एफ६ च्या घोड्यावर गेला. बोट लागलं तेव्हाच चुकल्याचं कळलं, पण शिवलेली सोंगटी चालवावीच लागते. तिने लगेच घोडा एफ७ वर टाकला. वजीर आणि हत्ती दोन्हींवर घाला, म्हणून राजाने मारला. मग वजीर एफ३, शह! आता डी५ चा घोडा राखायचा तर राजाला ई६ वर, भर पटात यावं लागतं. वर तिचा दुसरा घोडा सी३ वर. माझ्या एका घोड्यावर तिची तीन मोहरी. ह्यालाच फ्राइड लिव्हर म्हणतात. एकविसाव्या चालीला मी डाव सोडला. तिचे आजोबा बाहेर भेटले, म्हणाले, "तुमचो राजा बाजाराक गेल्लो काय?"

तर पाचव्या चालीला सी६ चा घोडा ए५ वर खेळा. घोडा कडेला ठेवू नये असं शिकवतात, ते खरंच आहे, पण इथे तो थेट सी४ च्या उंटावर जातो. उंट बी५ वरून शह देईल, तुम्ही सी६ करा, तो प्याद्याने मारेल, तुम्ही बी-प्याद्याने मारा. उंट ई२ ला मागे गेला की एच६ करून घोड्याला हाकला, तो एफ३ वर गेला की ई४. एक प्यादं कमी असतं, पण पांढऱ्याची मोहरी पळत असतात नि तुमची बाहेर येत असतात. ते प्यादं परत मिळवायची घाई मात्र नको, त्यापायी मी नंतर तीन डाव घालवलेत.

एवढं पाठ करायचा कंटाळा असेल तर तिसऱ्या चालीलाच घोड्याऐवजी उंट सी५ वर काढा. मग जी५ वर डी८ च्या वजिराची नजर असते, तिथे आलेला घोडा फुकटात मिळतो.

क्लासमधली मुलं तुम्हाला ट्रॅक्सलर सुचवतील, म्हणजे घोडा जी५ वर आला तरी एफ७ वाऱ्यावर सोडून उंट सी५. ज्याच्या नावाने ही चाल ओळखतात त्या ट्रॅक्सलरचा १८९० चा डाव बघा जरूर, धमाल आहे. पण अर्धवट पाठ करून रेटिंग स्पर्धेत काढू नका.