ट्रॅकर नसताना दर महिन्याला आकाशातलं काय टिपायचं, हे कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की गाव विदर्भात आहे, अंधार भरपूर आहे, कॅनॉनचा डीएसएलआर, 18-55 आणि 55-250 अशा दोन लेन्स आणि ट्रायपॉड आहे, ताऱ्यांच्या मागोमाग कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर नाही. पण कोणत्या महिन्यात कशाचा फोटो घ्यायचा ते ठरत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या वावरातून जवळपास याच सामानावर फोटो काढतो, म्हणून लिहितोय.

ॲप उघडण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. मराठी महिन्याच्या नावातच त्या महिन्याचं नक्षत्र आहे. कार्तिक म्हणजे कृत्तिका, मार्गशीर्ष म्हणजे मृगशीर्ष, पौष म्हणजे पुष्य, चैत्र म्हणजे चित्रा. पौर्णिमेचा चंद्र त्या नक्षत्राच्या आसपास असतो, म्हणजे ते नक्षत्र दिवस मावळताना उगवून रात्रभर दिसतं. त्या रात्री फोटो काढू नका, चांदण्यात सगळं धुऊन जातं. पण आपला महिना संपतो अमावास्येला, आणि तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, पंधरा दिवसांत तासभर. त्यामुळे महिन्याच्या अमावास्येला तेच नक्षत्र अंधार पडेपर्यंत वर आलेलं असतं आणि अकरा-बाराच्या सुमारास सगळ्यात उंच जातं. अधिक महिन्यामुळे थोडं मागेपुढे होतं, तेवढं स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या ॲपवर तपासून घ्या.

सुरुवात कार्तिकात कृत्तिकांपासून करा. मार्गशीर्षात मृगाच्या तीन ताऱ्यांखालचा तेजोमेघ, एम 42 (एम म्हणजे मेसिए या खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतला क्रमांक). पहिल्याच फोटोत रंग दिसतो, म्हणून नवख्या माणसाला मी हाच सांगतो. पौषात पुष्यातला एम 44 हा तारकागुच्छ. आपल्या अक्षांशावर तो जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो, तिथे हवेचा थर सगळ्यात पातळ. देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेसाठी आश्विन अमावास्या, म्हणजे ऐन दिवाळी. फटाक्यांचा धूर असेल तर दोन-तीन दिवस थांबा.

माझा सगळ्यात जीव आहे तो चैत्रावर. चित्रेच्या ताऱ्यापासून सरळ खाली, दक्षिण क्षितिजाकडे या. सुमारे 36 अंश खाली, नुसत्या डोळ्यांना एक पुसट तारा दिसेल. तो तारा नाही, ओमेगा सेंटॉरी आहे: सुमारे 17 हजार प्रकाशवर्षं दूर, जवळपास एक कोटी ताऱ्यांचा गोळा, आकाशात पौर्णिमेच्या चंद्राएवढा. लंडनहून तो कधीच उगवत नाही. आपल्याकडे दक्षिणेला 22 अंशांपर्यंत चढतो, चैत्र अमावास्येला रात्री दहा ते बाराच्या दरम्यान. 200 मिमीवर दीड-दोन सेकंदांचे दोनशे फोटो घेऊन एकावर एक जोडले, की मधला गोळा दाणेदार दिसायला लागतो. मात्र दक्षिणेला गावाचे दिवे नकोत, आणि त्या दिवसांत कापसाच्या पऱ्हाट्या आणि शेताचे धुरे पेटवलेले असतात. दुपारीच क्षितिजाकडे बघून घ्या. तिथे राखाडी पट्टा असेल तर रात्रीही ओमेगा त्यातच बुडलेला असेल.

वैशाख अमावास्येला 18 मिमीवर आकाशगंगेचा गाभा घ्या, अकरानंतर. ज्येष्ठाच्या मध्यावर पाऊस येतो, मग भाद्रपदापर्यंत कॅमेरा घरात.

लक्ष्य निवडताना तेजापेक्षा आकार बघा. एम 57 या कड्यासारख्या तेजोमेघाचं नाव सगळीकडे वाचाल, पण तो रुंदीला चंद्राच्या विसाव्या हिश्श्याएवढाही भरत नाही, तुमच्या लेन्समध्ये ठिपकाच येणार. देवयानी चंद्राच्या सहापट लांब आहे, तिला 100 मिमी पुरते. ट्रॅकर नसताना किती सेकंद उघडं ठेवायचं याचा साधा हिशेब: लेन्सचे मिमी गुणिले 1.6 (कॅनॉनच्या लहान सेन्सरचा गुणक), आणि त्या आकड्याने 500 ला भागा. 18 मिमीला सतरा, 100 मिमीला तीन सेकंद येतात. मी त्याहून थोडं कमीच ठेवतो, आयएसओ 1600 ते 3200, आणि फोटो सिक्वेटर या सॉफ्टवेअरमध्ये जोडतो. ते फुकट आहे.

थंडीत ओलीत केलेल्या गव्हा-हरभऱ्याच्या कडेला उभे राहू नका. तासाभरात लेन्सच्या काचेवर दव धरतं आणि स्क्रीनवर प्रत्येक ताऱ्याभोवती लोकरीसारखं वलय दिसतं. मग घरी आणलेले शंभर फोटो कामाचे राहत नाहीत. उंचावरची कोरडी बरड जमीन शोधा आणि दर दहा मिनिटांनी बॅटरी तिरपी धरून काच तपासा.

शेजारच्या जागल्यांना आधी सांगून ठेवा. रात्री अनोळखी उजेड दिसला की माणूस धावून येतो, ते त्याचं बरोबरच आहे. पीक राखायला लावलेल्या झटका मशीनच्या (विजेचा झटका देणाऱ्या कुंपणाच्या) तारा कुठून गेल्यात ते दिवसाउजेडी बघा, पायात बूट घाला, आणि जंगलाला लागून वावर असेल तर एकटे जाऊ नका. संपूर्ण काळं आकाश एकदा बघायचं असेल तर पेंचला जा. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली.

तुमच्या वावरातून दक्षिण क्षितिज मोकळं आहे का, ते कळवा. असेल तर चैत्राची तयारी आतापासूनच सांगतो.