कोकरांच्या खुराकात वनस्पतींचे अर्क मिसळले तर वजन खरंच वाढतं का?

तुम्ही विचारलंय की अँटिबायोटिक न देता नुसत्या लसूण, ओवा, टॅनिन (झाडपाल्यातलं तुरट द्रव्य) वगैरेंच्या अर्कांवर कोकरं अंग धरतील का. कधी थोडं धरतात, कधी काहीच फरक दिसत नाही. युरोपीय संघाने वाढीसाठी खुराकात अँटिबायोटिक घालायला 1 जानेवारी 2006 पासून पूर्ण बंदी केली, तेव्हापासून या अर्कांचा बोलबाला वाढला. जाहिराती मात्र अर्कांपेक्षा जास्त जोमदार आहेत.

माझा भरवसा त्यातल्या त्यात टॅनिनवर. कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) 6 ते 7 असतो. तिथे टॅनिन प्रथिनांना चिकटून बसतं, म्हणून सूक्ष्मजीवांना ती फोडता येत नाहीत. पुढे चौथ्या कप्प्यात आम्ल तीव्र असतं, पीएच साडेतीनच्या खाली जातो, पकड सुटते आणि प्रथिनं आतड्यात शोषली जातात. पण कोरड्या खाद्याच्या 5 टक्क्यांवर टॅनिन गेलं की कोकरं खाणंच कमी करतात. आणि निव्वळ दुधावरच्या कोकराला हे देऊन उपयोग नाही. त्याचं कोठीपोट अजून चालूच झालेलं नसतं, दूध थेट चौथ्या कप्प्यात उतरतं.

ओव्याच्या तेलातला थायमॉल हा घटक जिवाणूंवर चालतो हे खरं, पण कोठीपोटातले कामाचे जिवाणूही त्यात सापडतात. शिवाय वास उग्र. कोकरू गव्हाणीत तोंड घालतं, फुरफुरतं आणि मागे सरतं. म्हणून आधी मूठभर कोंड्यात अर्क नीट चोळून घ्या, मग तो सगळ्या खुराकात कालवा आणि मात्रा हळूहळू वाढवा. तेलं उडून जातात, डबा घट्ट बंद हवा.

वापरायचंच असेल तर निम्म्या कोकरांनाच द्या, म्हणजे उरलेल्यांशी तुलना करता येईल. जुळी-एकटी, नर-मादी दोन्ही गटांत सारखी वाटा आणि वजन सकाळी खुराकाआधीच करा, नाहीतर पोटातला चाराच मोजाल.

जंतांच्या बाबतीत टॅनिनने लेंडीतली अंडी काहीशी कमी होतात, बस. पापणी आतून पांढरीफटक दिसली (जंतांनी रक्त कमी झाल्याची खूण) तर अर्क राहू द्या, डॉक्टरांना विचारून जंताचं औषध पाजा. आंत्रविषाराची (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लसही चुकवू नका.

तयार पाकीट घेताना त्यावरचा तांब्याचा आकडा बघा. गाई किंवा कोंबड्यांसाठीच्या मिश्रणात तांबं जास्त असू शकतं. मेंढीच्या यकृतात ते साठत जातं, आणि जनावर एकाएकी दगावतं.