गिटारवरच जगायचं ठरवलंयस, तर आधी एवढं कर

गिटारवरच पोट भरायचा तुझा निर्णय वाचून खरंच आनंद झाला. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळ.

चाल सुचली की लगेच फोनवर रेकॉर्ड कर, नुसती गुणगुणलेली असली तरी. सकाळपर्यंत ती टिकत नाही. कापो (सूर चढवायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) कितव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) होता तेही बोलून ठेव. मी ठेवलं नव्हतं, आणि दोन चांगल्या चाली पुन्हा हाताला लागल्याच नाहीत.

मग ती चाल पूर्ण कर. नव्या वादकांची सगळ्यांत मोठी चूक हीच: ८-८ बारचे (तालाच्या छोट्या मापांचे) ढीगभर तुकडे, आणि शेवटापर्यंत गेलेली रचना एकही नाही. साधी असू दे, पण संपव.

- कार्यक्रमाच्या दिवशी नव्या तारा चढवू नकोस. नवी तार ताणली जाते, सूर उतरत राहतो. एक-दोन दिवस आधी बदल, १२व्या फ्रेटपाशी हलकेच ओढ, पुन्हा सूर लाव. तार स्थिर होईपर्यंत.
- मानधन आधी लेखी ठरव. मेसेज पुरतो.

पेडल (गिटारचा आवाज बदलणारं, पायाने दाबायचं यंत्र), मिक्सिंग (रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवणं) वगैरे नंतर बघू, आत्ता त्यात पैसे घालू नकोस. पहिली पूर्ण रचना झाली की पाठव, मी ऐकतो.