पहिल्यांदाच मालवणला चाललाय? एवढं ध्यानात ठेवा

मुलाबाळांना घेऊन मे महिन्यात आठ दिवस समुद्राकाठी, बेत झकास आहे! फक्त कोल्हापुरातनं निघताना अर्धं स्वयंपाकघर गाडीत भरू नका. तांदूळ, आमसुलं, नारळ सगळं तिथं मिळतंय.

आपल्या लोकांची पहिली चूक म्हणजे माशाच्या कालवणात सढळ हातानं कांदा-लसूण चटणी. ती मटणाला राहू दे. ताज्या बांगड्याला ओलं खोबरं, बेडगी मिरची, धणे, हळद, तीन-चार आमसुलं आणि ठेचलेली तिरफळं (कोकणातला उग्र वासाचा मसाला) बास झाली. तिरफळातली काळी बी मात्र काढून टाका. मासा सोडल्यावर डाव फिरवायचा नाही, पातेलं नुसतं हलवायचं. पाच-सात मिनिटांत शिजतोय.

मासा घेताना कल्ला उचलून बघा, आत लालभडक पाहिजे.

बाहेर जेवताना:
- घरगुती खानावळीत किती माणसं ते सकाळीच सांगून ठेवा.
- सुरमई, पापलेटचा दर आधी विचारा.
- सोलकढी ताजीच प्या. उकाड्यात नारळाचं दूध लवकर नासतं.

१ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, तेव्हा त्याआधी जाऊन या. तिसऱ्या (म्हणजे शिंपल्या), खेकडे पुढच्या खेपेला. आधी बांगडा जमू दे.