लाइन गेल्यावर बॅकग्राउंडचा प्रोग्राम का मरतो?

तुमचा प्रश्न असा आहे की, एसएसएचने (दूरच्या संगणकावर काम करू देणाऱ्या जोडणीने) सर्व्हरवर जाऊन, ओळीच्या शेवटी अँपरसँड (&) लावून सुरू केलेला प्रोग्राम घरची लाइन, म्हणजे वीज, गेल्यानंतर बंद का पडला. तो तर बॅकग्राउंडला होता.

बॅकग्राउंडला होता हे खरे, पण टर्मिनलपासून (जिथे आज्ञा टाइप करतो आणि आउटपुट दिसते) सुटलेला नव्हता. लॉगिन होताच तुमचा शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, इथे बॅश) एका नव्या सेशनचा, म्हणजे त्या लॉगिनमधल्या प्रोसेसच्या गटाचा, लीडर होतो, त्या सेशनला एक नियंत्रक टर्मिनल जोडले जाते आणि शेलमधून निघालेली प्रत्येक प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) ते वारशाने घेते. अँपरसँडमुळे इतकेच होते की तिचा प्रोसेस ग्रुप फोरग्राउंडला नसतो. त्यामुळे कंट्रोल-सी दाबल्यावरचा सिगइंट हा सिग्नल तिला लागत नाही, आणि तिने कीबोर्डवरून वाचू पाहिले तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सिगटीटिन हा सिग्नल पाठवून तिला थांबवतो. लिहायला सहसा मुभा असते, म्हणूनच तिचे आउटपुट आपल्या टायपिंगच्या मधेच उमटते.

जोडणी तुटल्यावर सर्व्हरवरचा एसएसएचडी (एसएसएच जोडणी सांभाळणारा प्रोग्राम) स्यूडोटर्मिनलची (सॉफ्टवेअरने बनवलेल्या टर्मिनलची) आपली बाजू बंद करतो, कर्नल सेशन लीडरला, म्हणजे बॅशला, सिगहप (टर्मिनल तुटल्याचा सिग्नल) पाठवतो आणि बॅश स्वतः संपण्याआधी तोच सिग्नल आपल्या सगळ्या जॉबना (त्याच्यातून सुरू केलेल्या कामांना) देतो. प्रोग्रामने वेगळी सोय केलेली नसेल, तर सिगहप मिळताच तो संपतो.

यात एक गोष्ट फसवी आहे. नागपुरात मे महिन्याच्या एका दुपारी माझ्याकडे सव्वादोनला लाइन गेली, पण लॉगची शेवटची ओळ 2:31 ची निघाली, म्हणून मी दोन दिवस प्रोग्राममध्येच चूक शोधत राहिलो. खरे कारण हे की तुमचा राउटर बंद पडल्याचे सर्व्हरला कळतच नाही. टर्मिनलकडे पाठवलेल्या आउटपुटची पोच न आल्याने लिनक्स ते पुन्हापुन्हा पाठवतो आणि डीफॉल्ट मांडणीत साधारण 15 मिनिटांनी जोडणी मेल्याचे मानतो. सिगहप त्यानंतर येतो.

लांबचे काम टीमक्समध्येच (सर्व्हरवर टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्येच) सुरू करावे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिथे स्यूडोटर्मिनल सर्व्हरवरच्या टीमक्सच्या हाती असते आणि तुमची जोडणी गेली तरी ते उघडे राहते. नोहप (nohup, प्रोग्रामच्या आधी लिहायची आज्ञा) फक्त सिगहपकडे दुर्लक्ष करायला लावतो आणि टर्मिनलवर जाणारे आउटपुट फाइलकडे वळवतो. आधीच सुरू झालेल्या जॉबसाठी बॅशचा डिसओन (disown, जॉबला सिगहप न देण्याची आज्ञा) आहे, पण तो आउटपुट वळवत नाही. नंतर मेलेल्या टर्मिनलवर लिहिताना प्रोग्रामला इनपुट-आउटपुट एरर मिळते आणि पुष्कळ प्रोग्राम तिथेच थांबतात.